ताट आणि हृदय : डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांचे जीवनकार्य

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला डॉक्टरांनी हृदयविकाराची सूचना दिली, की पहिला बदल घडतो तो स्वयंपाकघरात. तुपाची बरणी मागच्या फळीवर जाते, तळण बंद होते, भाजीतले तेल चमच्याने मोजून पडू लागते. हृदयाचे दुखणे आणि जेवणाचे ताट यांचा असा संबंध आज कोणालाही नवा वाटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र परिस्थिती वेगळी होती. रोहिण्या कठीण होणे ही वार्धक्याची अटळ खूण आहे आणि तिच्यापुढे माणसाचा इलाज नाही, असे बहुतेक वैद्यांना वाटत असे. हा समज बदलण्यासाठी जगभर हिंडून पुरावा गोळा करणारे आणि त्यापायी आयुष्यभर वादाच्या केंद्रस्थानी राहिलेले अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. अ‍ॅन्सेल कीज. त्यांच्या चरित्रात संशोधकाची चिकाटी जशी दिसते, तसा स्वतःच्या सिद्धांतावरील अतूट विश्वासाचा धोकाही दिसतो. विज्ञानातील सत्य कसे घडते, हे समजून घेण्यासाठी या दोन्ही बाजू पाहणे आवश्यक आहे.

अ‍ॅन्सेल कीज यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ रोजी अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी झाला. आईवडील तरुण होते आणि हे त्यांचे एकुलते एक अपत्य. कुटुंब लवकरच सॅन फ्रान्सिस्कोला आले. परंतु १९०६ च्या प्रलयंकारी भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाले आणि कीज कुटुंबाने जवळच्या बर्कली गावात बिऱ्हाड हलवले. मुलगा कमालीचा हुशार होता. बुद्धिमापनाच्या क्षेत्रातील प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ लुई टर्मन यांनी असामान्य बुद्धीच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यासाठी निवडलेल्या मुलांत त्याचा समावेश होता. पण या हुशारीला स्वस्थ बसवत नसे. शाळा अर्धवट सोडून त्याने लाकूडतोड्यांच्या छावणीत काम केले, अ‍ॅरिझोनातील गुहांत खतासाठी वटवाघळांची विष्ठा उपसली आणि कोलोराडोतील खाणीत सुरुंगाची दारू वाहून नेली. अंगमेहनत करणारी माणसे काय खातात आणि कशी जगतात, याची ओळख त्यांना पुस्तकांच्या आधी अशी प्रत्यक्ष झाली.

पुढे शिक्षणाची गाडी रुळावर आली, तरी तिचा मार्ग सरळ नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकता शिकता ते कंटाळले आणि चीनकडे जाणाऱ्या जहाजावर यंत्रांना तेल घालणारा खलाशी म्हणून रुजू झाले. परत आल्यावर १९२५ मध्ये त्यांनी अर्थशास्त्र व राज्यशास्त्रात पदवी घेतली. त्यानंतर प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि १९३० मध्ये स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेतून डॉक्टरेट मिळवली. तेथून ते कोपनहेगनला नोबेल पारितोषिक विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांच्याकडे गेले. माशांच्या शरीरातील क्षारांचे नियमन कल्ल्यांद्वारे कसे होते, हा त्यांचा तेथील अभ्यासविषय होता. नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसेफ बारक्रॉफ्ट यांच्या सहवासात त्यांनी काम केले आणि शरीरक्रियाविज्ञानात दुसरी डॉक्टरेट संपादन केली. इतक्या विद्याशाखांतून भटकंती झाल्यामुळे एक दृष्टी त्यांच्या अंगी बाणली. शरीरात घडणाऱ्या प्रत्येक बदलाचे मोजमाप करता आले पाहिजे आणि ते मोजमाप माणूस जेथे राहतो तेथे जाऊन घेतले पाहिजे, अशी ती दृष्टी होती.

तिचा प्रत्यय १९३५ मध्ये आला. विरळ हवेचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी कीज यांनी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर एक आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मोहीम नेली. चिलीमधील उंच शिखरांवर, सुमारे २०,००० फुटांच्या परिसरात मुक्काम करून या पथकाने स्वतःच्याच रक्ताचे नमुने तपासले. आधी स्वतःवर प्रयोग आणि मग निष्कर्ष, हा त्यांचा शिरस्ता होता.

यानंतर कीज मिनेसोटा विद्यापीठात आले आणि तेथे त्यांनी एका अभिनव प्रयोगशाळेची स्थापना केली. निरोगी माणूस आजारी का पडतो, हे आधीच ओळखणे हा तिचा उद्देश होता. विद्यापीठात जागेची टंचाई असल्यामुळे ही प्रयोगशाळा फुटबॉलच्या भव्य क्रीडांगणाच्या प्रेक्षक-सज्जाखाली थाटली गेली. वर हजारोंच्या गर्दीत सामने रंगत आणि खाली रक्ताच्या नळ्यांवर मोजमापे चालत. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मार्गारेट हॅनी यांच्याशी १९३९ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढच्या साऱ्या प्रवासात मार्गारेट या केवळ सहधर्मचारिणी नव्हत्या. देशोदेशी रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्याचे काम त्यांनी स्वतः केले आणि पतीच्या बरोबरीने पुस्तके लिहिली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि अमेरिकी सैन्याने कीज यांच्यावर एक कामगिरी सोपवली. छत्रीधारी सैनिकाच्या खिशात मावेल, खराब होणार नाही आणि त्याला पुरेशी शक्ती देईल अशी शिधा-पाकिटे हवी होती. कीज यांनी मिनियापोलिसमधील एका किराणा दुकानातून टणक बिस्किटे, सुके सॉसेज, साखरेच्या गोळ्या आणि चॉकलेट आणून आपला आराखडा तयार केला. सुमारे ८०० ग्रॅम वजनाच्या या शिध्यात ३,२०० उष्मांक होते. त्यातूनच पुढे अमेरिकी सैन्याचा प्रसिद्ध के-शिधा विकसित झाला आणि त्याची कोट्यवधी पाकिटे आघाडीवर पोहोचली. नावातील ते अक्षर कीज यांच्याच आडनावावरून आले, असे लोक मानत आले.

सैनिकाला काय खायला द्यावे, याचे उत्तर मिळाले. पण युद्धाच्या अखेरीस त्याहून बिकट प्रश्न उभा राहिला. युरोपात लाखो लोक उपासमारीने खंगले होते. भुकेने मरणाच्या दारी पोहोचलेल्या माणसाला पुन्हा अन्नावर कसे आणावे, याचे शास्त्रशुद्ध ज्ञान कोणाकडेच नव्हते. नोव्हेंबर १९४४ मध्ये कीज यांनी या प्रश्नावर प्रयोग आरंभला. शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या, पण मानवसेवेसाठी देह झिजवण्यास तयार असलेल्या ३६ तरुणांनी स्वेच्छेने त्यात भाग घेतला. पहिले तीन महिने त्यांना पोटभर जेवण मिळाले. त्यानंतरचे २४ आठवडे बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी असा, त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या जवळपास निम्मे उष्मांक देणारा आहार होता. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते.

तरुणांचे वजन सरासरी एक-चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, हृदयाचा आकारही लहान झाला. त्याहून धक्कादायक होते ते मनाचे बदल. एरवी हसतमुख असणारी मुले चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. पाककृतींची पुस्तके ती तासन्‌तास चाळत बसत, ताटल्या चाटून पुसत, स्वप्नातही अन्नच पाहत. पूर्ववत होण्यासाठी शरीराला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक अन्न लागते, हेही याच प्रयोगातून कळले. १९५० मध्ये मानवी उपासमारीच्या जीवशास्त्रावरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेराशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ त्या विषयातील आधारग्रंथ म्हणून आजही ओळखला जातो. माणसांवर असा प्रयोग करण्यास आज कोणतीही नीतिसमिती सहजासहजी संमती देणार नाही. परंतु त्या तरुणांनी सोसलेल्या भुकेचे मोल त्या ज्ञानाने काही अंशी तरी फेडले.

युद्ध संपले आणि कीज यांच्यासमोर एक विचित्र विरोधाभास आला. अमेरिकेत अन्नधान्याची, दूध-लोणी-मांसाची रेलचेल होती. तरीही वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत पन्नाशीतील यशस्वी उद्योजकांची नावे वरचेवर दिसू लागली होती आणि त्यांच्या मृत्यूचे कारण बहुधा हृदयविकाराचा झटका हेच असे. उलट, युद्धकाळात लोणी आणि मांस दुर्मीळ झालेल्या नॉर्वेसारख्या देशात रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटल्याचे दिसत होते. भुकेलेल्या युरोपात हृदय सुरक्षित आणि सुखवस्तू अमेरिकेत ते धोक्यात, असे का व्हावे? १९४७ मध्ये कीज यांनी मिनेसोटातील सुमारे २८० उद्योजकांची दरवर्षी तपासणी सुरू केली. रोग झाल्यावर कारण शोधण्याऐवजी निरोगी माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहून रोग कोणाला गाठतो हे पाहण्याची ही पद्धत तेव्हा नवीच होती.

१९५१ मध्ये रोम येथे एका परिषदेत नेपल्स शहरातील प्राध्यापक जिनो बर्गामी यांनी त्यांना सांगितले, की आपल्या शहरातील श्रमिक लोकांत हृदयविकार हा प्रश्नच नाही. कीज यांना हे खरे वाटेना. तेव्हा ते ऑक्सफर्डमध्ये होते. १९५२ च्या हिवाळ्यात पती-पत्नी मोटारीने नेपल्सला पोहोचली आणि त्यांनी तेथील अग्निशामक दलातील जवान व इतर श्रमिकांचे रक्त तपासले. त्यातील कोलेस्टेरॉल अमेरिकी पुरुषांच्या मानाने खरोखरच कमी निघाले. या लोकांचे जेवण पाव, पास्ता, कडधान्ये, भाज्या आणि ऑलिव्ह तेल यांचे होते. मांस आठवड्यातून एखाद-दोन वेळा. त्याच शहरातील सधन मंडळींच्या ताटात मात्र मांस रोज असे आणि त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉलही अधिक होते. एकाच गावात, एकाच वंशाच्या लोकांत ताटाबरोबर रक्त बदलत होते. ही भेट कीज यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

आहारातील स्निग्ध पदार्थ रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात, ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत साठते आणि त्यातून झटका येतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. १९५३ मध्ये त्यांनी सहा देशांचा एक आलेख प्रसिद्ध केला. एका टोकाला जपान, दुसऱ्या टोकाला अमेरिका आणि मध्ये इटली, इंग्लंड व वेल्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. आहारात स्निग्धांश जितका अधिक, तितके हृदयविकाराचे मृत्यू अधिक, असे त्या चढत्या रेषेवरून दिसत होते. रेषा इतकी सुबक होती, की पाहणाऱ्याला पटावी; आणि इतकी सुबक होती, म्हणूनच जाणकारांना शंका आली.

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीत कीज यांनी आपला सिद्धांत मोठ्या आत्मविश्वासाने मांडला. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ जॉर्ज पिकरिंग यांनी त्यांना आपल्याजवळचा सर्वांत भक्कम असा एकच पुरावा सादर करण्यास सांगितले. कीज यांनी तो दिला आणि उपस्थितांनी त्याची चिरफाड केली. दोनच वर्षांनी संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी आणि न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य अधिकारी हर्मन हिलेबो यांनी दाखवून दिले, की सहाऐवजी बावीस देशांची उपलब्ध आकडेवारी घेतली, तर ती रेषा बरीच विस्कटते. शिवाय प्राणिज प्रथिनांशीही हृदयविकाराचा तसाच, किंबहुना अधिक घट्ट संबंध दिसतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

असा पाणउतारा झाल्यावर काही माणसे खचतात, काही नुसतीच चिडतात. कीज चिडले खरे. परंतु तो राग त्यांनी कामात ओतला. सरकारी कागदांवरील आकडेवारीवर विसंबून चालणार नाही, माणसांपर्यंत स्वतः गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्याच सुमारास, सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि साऱ्या देशाचे लक्ष या रोगाकडे वळले. आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट हे कीज यांचे स्नेही आणि सहकारी होते. ही परिस्थिती कामाला अनुकूल ठरली.

१९५८ मध्ये सात देशांचा अभ्यास या नावाने प्रसिद्ध पावलेला उपक्रम रीतसर सुरू झाला. अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान हे ते सात देश. त्यांतील सोळा गटांमधून ४० ते ५९ वर्षे वयाच्या १२,७६३ पुरुषांची नोंद झाली. कोणी क्रीटमधील शेतकरी, कोणी जपानमधील कोळी, कोणी अमेरिका व रोममधील रेल्वे कर्मचारी. फिनलंडमध्ये मार्टी कार्व्होनेन, ग्रीसमध्ये क्रिस्टोस अराव्हानिस, जपानमध्ये नोबोरु किमुरा, इटलीत फ्लामिनियो फिडान्झा असे त्या त्या देशातील शास्त्रज्ञ या कामात सहभागी झाले. निवडक घरांत जाऊन, लोक जे खातात त्याचेच नमुने घेतले जात आणि प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण होई. सर्वांचे रक्त, रक्तदाब आणि हृदयाचा विद्युत्‌आलेख एकाच पद्धतीने तपासला जाई. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी पुन्हा त्याच माणसांकडे जायचे आणि कोण हयात आहे, कोण कशाने गेले, याची नोंद करायची, असा हा दीर्घ पल्ल्याचा संकल्प होता.

फिनलंडच्या पूर्व भागातील एक आठवण कीज पुढे सांगत. धिप्पाड, दिवसभर जंगलात राबणारे तेथील लाकूडतोडे पावाच्या तुकड्याएवढी चीजची जाड चकती घेत आणि तिच्यावर लोणी थापून खात. याच भागात हृदयविकाराने होणारे मृत्यू साऱ्या अभ्यासात सर्वाधिक निघाले. सर्वांत कमी मृत्यू क्रीटमध्ये आढळले. आता खरा पेच होता. क्रीटमधील लोकही भरपूर स्निग्ध पदार्थ खात. त्यांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के त्यांतूनच येत, म्हणजे पूर्व फिनलंडइतकेच. फरक होता तो स्निग्धाच्या प्रकारात. फिनलंडमध्ये लोणी व दुधातील संपृक्त मेद होते, तर क्रीटमध्ये ऑलिव्ह तेलातील असंपृक्त मेद. सहा देशांच्या आलेखातील मूळ विधान कीज यांच्या स्वतःच्याच अभ्यासाने मोडीत निघाले आणि त्यांनी ते बदलले. आता एकूण स्निग्धांशाऐवजी संपृक्त मेद हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा झाला. टीकाकारांनी त्यांना डिवचले नसते, तर हा फरक इतक्या स्पष्टपणे हाती आला असता की नाही, याविषयी शंकाच आहे.

बावीस देशांची माहिती हाती असताना सोयीचे तेवढे सात देश निवडून कीज यांनी जगाची फसवणूक केली, असे पुष्कळदा सांगितले जाते. या आरोपात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. बावीस देशांचा वाद १९५३ च्या आलेखासंबंधी होता. सात देशांचा अभ्यास त्यानंतरचा आणि सर्वस्वी वेगळा. तथापि या अभ्यासातही उणिवा होत्या. देशांची निवड जेथे सहकारी आणि सोयी मिळाल्या त्यानुसार झाली होती. फ्रान्स किंवा स्वित्झर्लंड त्यात नव्हते. स्त्रियांचा त्यात समावेश नव्हता. आहाराचे बारकाईने मोजमाप थोड्याच लोकांचे झाले आणि क्रीटमधील पाहणीचा काही भाग ख्रिस्ती उपवासकाळात पार पडला. शिवाय, इतकी माणसे आणि इतकी वर्षे खर्ची पडली तरी अशा अभ्यासातून सहसंबंधच दिसतो; कारण सिद्ध करण्यासाठी वेगळा प्रयोग लागतो.

दरम्यान कीज यांची कीर्ती वाढत होती. मार्गारेट यांच्यासह १९५९ मध्ये त्यांनी लिहिलेले आहारविषयक पुस्तक प्रचंड खपले. जानेवारी १९६१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला दिला आणि तो तयार करणाऱ्या समितीत कीज होते. पूर्वी शंकेला तोंड देणारा संशोधक आता स्वतःच प्रस्थापित झाला होता आणि येथेच त्यांच्या स्वभावातील दोष उघड झाला.

लंडनमधील पोषणशास्त्राचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे मत वेगळे होते. त्यांनी १९५७ मध्येच दाखवले होते, की ब्रिटनमधील हृदयविकाराच्या वाढीशी रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांच्या वाढत्या संख्येचा मेळ स्निग्ध पदार्थांपेक्षाही चांगला बसतो. नुसत्या आलेखावर भिस्त ठेवू नये, हे सांगण्याची ती मार्मिक रीत होती. पुढे त्यांनी साखरेकडे बोट दाखवले आणि १९७२ मध्ये त्यावर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिले. त्यांच्या आधीच, १९७१ मध्ये, कीज यांनी एका निबंधात युडकिन यांच्या पुराव्यावर अत्यंत कठोर हल्ला चढवला. त्यांचे काही आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त होते. परंतु भाषेतील तुच्छता अनावश्यक होती. जिनिव्हात जे आपल्या वाट्याला आले, तेच त्यांनी दुसऱ्याच्या वाट्याला दिले. युडकिन यांचा विचार दीर्घकाळ अडगळीत पडला आणि १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही साखरेच्या दुष्परिणामांकडे पुरेसे लक्ष गेलेले नव्हते. आज साखरेविषयी वैद्यकशास्त्र जी सावधगिरी सांगते, तिच्यामागे युडकिन यांचेही ऋण आहे.

भारतातूनही या सिद्धांताला एक महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची आकडेवारी अभ्यासून १९६७ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. पंजाबातील कर्मचारी दूध-तुपाच्या रूपाने दक्षिणेतील कर्मचाऱ्यांच्या अनेक पटींनी स्निग्ध पदार्थ खात. तरीही हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेतच सुमारे सातपट अधिक होते. मृत्यूच्या नोंदींवर आधारलेल्या या अभ्यासालाही मर्यादा होत्या आणि त्याने कीज यांचा सिद्धांत खोटा ठरला असे म्हणता येत नाही. परंतु भूमध्य समुद्राच्या काठी सापडलेले उत्तर गंगा-कावेरीच्या काठी जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, एवढी जाणीव त्याने निश्चित करून दिली.

प्रत्यक्ष प्रयोगांची साक्षही संमिश्र निघाली. मिनेसोटातील मनोरुग्णालये व एका शुश्रूषागृहातील नऊ हजारांहून अधिक लोकांवर १९६८ ते १९७३ या काळात एक मोठा प्रयोग झाला. त्याचे प्रमुख इव्हान फ्रांट्झ होते आणि आखणीत कीज यांचा सहभाग होता. संपृक्त मेदाऐवजी मक्याचे तेल दिल्यावर कोलेस्टेरॉल घटले; मृत्यू मात्र घटले नाहीत. अनेक रुग्ण थोड्याच काळात रुग्णालयातून बाहेर पडल्याने हा प्रयोग अपुरा राहिला, हे खरे. तरीही त्याचा सविस्तर वृत्तान्त १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या रीतीला धरून नव्हती. दुसरीकडे, लोण्याची जागा घेण्यासाठी कारखान्यांनी हायड्रोजनीकरण केलेली, म्हणजे आपल्याकडील वनस्पती तुपासारखी, घट्ट तेले बाजारात आणली. त्यांतील ट्रान्स मेद लोण्याहूनही घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. अशी तेले कोलेस्टेरॉल वाढवतात, हे कीज यांच्याच प्रयोगशाळेने १९६१ मध्ये नोंदवले होते. पण त्या इशाऱ्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग या साऱ्यातून उरले काय? रक्तातील घातक कोलेस्टेरॉल हे हृदयविकाराचे खरोखरीचे कारण आहे, हा कीज यांच्या सिद्धांताचा मध्यवर्ती भाग आनुवंशिकतेच्या आणि औषधांच्या पुढील अभ्यासांनी भक्कम झाला. संपृक्त मेद कमी करून त्याजागी वनस्पतिजन्य असंपृक्त तेले, कडधान्ये आणि भाज्या आल्या, तर लाभ होतो. त्याजागी मैदा आणि साखर आली, तर होत नाही, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. ज्या पूर्व फिनलंडमध्ये लाकूडतोडे चीजवर लोणी थापत, तेथे १९७२ मध्ये सरकार आणि गावकरी यांनी मिळून एक मोहीम उभारली. आहार बदलला, धूम्रपान घटले, रक्तदाबावर उपचार झाले. पुढील चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार-पंचमांशांहून अधिक घटले. याचे श्रेय एकट्या लोण्याला किंवा एकट्या कीज यांना देता येणार नाही; पण हृदयविकार हे अटळ प्रारब्ध नाही, हे त्यांचे म्हणणे तेथील घरोघरी खरे ठरले.

त्यांच्या कामाची आणखी एक खूण आज प्रत्येक दवाखान्यात आढळते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा बेल्जियमचे शास्त्रज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवला होता. १९७२ मध्ये कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्याच वर्षी ते मिनेसोटा विद्यापीठातून निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरचा बराचसा काळ कीज दांपत्याने दक्षिण इटलीतील पिओप्पी या कोळ्यांच्या लहानशा गावी घालवला. तेथे समुद्राकाठी त्यांनी आधीच घर बांधले होते आणि मिनेसोटा व जवळचे प्राचीन एलिया नगर यांची नावे जोडून त्याचे नाव मिनेलिया असे ठेवले होते. अंगणात भाज्या आणि फळझाडे होती. ज्या आहाराचा त्यांनी पुरस्कार केला, तोच त्यांच्या ताटात असे. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तेव्हा इटलीच्या वतीने पिओप्पीचाच चिलेंतो प्रदेश त्याचा प्रतिनिधी ठरला. हा गौरव पाहण्यास कीज हयात नव्हते. २० नोव्हेंबर २००४ रोजी, वयाची एकशे एक वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उरले असताना, मिनियापोलिस येथे त्यांचे निधन झाले. मार्गारेट दोन वर्षांनी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

शंभराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांना कोणीतरी विचारले, की आपल्या या दीर्घायुष्याचे श्रेय आहाराला द्यायचे का. आयुष्यभर आपल्या मतासाठी त्वेषाने भांडलेल्या या माणसाला आपलेच शतायुष्य पुरावा म्हणून मिरवण्याची ही नामी संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. तसे असण्याची बरीच शक्यता आहे, मात्र त्याला पुरावा नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. जिनिव्हाच्या बैठकीत तरुण उत्साहाच्या भरात जो धडा त्यांच्या हातून निसटला होता, तो शंभराव्या वर्षी त्यांच्या ओठी आला होता.